पडद्याकडं पाठ

आमच्या गावाला सत्काराचा नाद आहे. कुणाची बदली झाली की सत्कार, तोच माणूस बदलून परत आला की पुन्हा सत्कार, नवा ट्रॅक्टर दारात आला तरी शाल आणि नारळ. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. मला सांगलीत दिलेली, सणासुदीला गावी येते, चार घास खाते आणि परत जाते. पण त्या दिवशी त्या नारळानं माझ्या डोक्याचा असा काही भुगा केला, की आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकाला जाते.

माझा धाकटा भाऊ फुटबॉल खेळतो. आमच्या वडूजच्या बाजूला पोरं एक तर तालमीत जातात, नाहीतर भरतीसाठी रस्त्यानं पळतात. हा मिसरूड फुटायच्या आधीच फौजेच्या खेळाच्या शाळेत निवडला गेला आणि मोठा होऊन फौजेच्याच एका संघात आला. आईनं त्याला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. सामने कायम कुठल्या कुठं लांब. मोबाइलवर दाखवायला जावं तर तिला सगळी माणसं मुंग्यांएवढी दिसायची. ‘‘ह्यातला आपला कंचा?’’ ती विचारायची, आणि मी बोट लावेपर्यंत आपला दुसरीकडं पळालेला असायचा.

मागच्या हिवाळ्यात त्याचा संघ देशाच्या कपाच्या फायनलला गेला. ते कळल्यावर आई माझ्या मागंच लागली, की सामन्याच्या आधी माझा डोळा नीट कर. मिरजेला नेऊन मी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि धूळ, धूर अजिबात लागू देऊ नका म्हणून बजावलं. सामन्याच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. आम्ही वडलांना दादा म्हणायचो. ते पैलवान, कुस्तीच्या हौदात उतरताना चिमूटभर माती कपाळाला लावायचे. भाऊ म्हणाला, ‘‘आई, मला शेवटाला उतरवतील. उतरताना दादांसारखी माती लावीन. ती तुझ्यासाठी लावणार हाय. बाकी न्हाई कळलं तरी चालंल, तेवढं बघ.’’

आईला दुसरं काही नकोच होतं. फुटबॉलमधलं तिला काही कळत नाही, गोल कुठल्या बाजूला करायचा हेसुद्धा. तिला ती माती बघायची होती. दिवसभर ती हसत होती आणि त्याच्या खोड्या सांगत होती. हा जन्माचा डावखुरा. देवाला फूल वाहायचं तरी डावा हात पुढं. आईनं फटके दिले, हात बांधून ठेवला आणि शेवटी स्वतःच हात टेकले.

माझा बेत साधा होता. घरातला टीव्ही, पुढं आईची खुर्ची, दार बंद. पण दुपारी आमचे चुलते आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. भावाला बोटाला धरून निवडीला त्यांनीच नेलं होतं, त्यामुळं आबांना नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. पोरगा गावाचा, तर सामना गावानं मिळून बघायचा, असं त्यांचं म्हणणं. वडूजवरून लग्नात लावतात तसला मोठा एलईडी पडदा आणून त्यांनी देवळासमोरच्या पटांगणात उभासुद्धा केला होता. मी नाक मुरडलं. आई म्हणाली, एवढ्या मोठ्या पडद्यावर तो मला माणसाएवढा दिसेल. मग मी काय बोलणार?

फक्त आबांना एक बजावून सांगितलं, की सत्कार करायचे ते सामन्याच्या आधी करा, नाहीतर संपल्यावर करा. मधे नको. ते व्हय व्हय म्हणाले. आता आमच्याकडं सत्कार गावकऱ्यांच्या हातानं होत नाही, त्याला बाहेरचा पाहुणा लागतो, आणि पाहुणा वेळेवर आला तर त्याला कोण पाहुणा म्हणणार! सामना सुरू झाला, मध्यंतर झालं, पाहुण्याचा पत्ता नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, ब्याद टळली.

मध्यंतरानंतर खेळ रंगात आला आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली. माइक आणि सामना एकाच स्पीकरवर, म्हणून सामन्याचा आवाज बंद केला. आधी पाहुण्यांना फेटा. मग पाहुण्यांचं भाषण. त्यात त्यांनी हॉकीचं फार कौतुक केलं. कुणी चूक दुरुस्त केली नाही. मी खुर्चीत नुसती चुळबुळत होते. मग आबांनी माइकवरून आईला बोलावलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. स्टेज पडद्याच्या पुढ्यातच. मी आईचा हात घट्ट धरला आणि जाऊ नको म्हटलं. तिनं हात सोडवून घेतला. ‘‘जाती आन् येती गं. एवढी माणसं थांबल्यात.’’

शाल घातली, हातात नारळ दिला. फोटोवाल्यानं मावशी, जरा काळा चष्मा काढा, म्हणून सांगितलं. तिनं काढला. आबांनी तिला खांद्याला धरून फोटोवाल्याकडं वळवलं. आई लोकांकडं तोंड करून उभी, आणि तिच्या डोक्यावर, पाठीमागं, अख्ख्या पडद्याएवढा माझा भाऊ मैदानाच्या रेषेशी उभा.

तो वाकला. गवतात बोटं घातली. हात कपाळाला नेला.

मी ओरडले, ‘‘आई, मागं बघ!’’ पण माइकवरून आबा पाहुण्यांचे आभार मानत होते. गाव टाळ्या वाजवायला लागलं, शिट्ट्या सुरू झाल्या. आईला वाटलं टाळ्या तिच्यासाठीच आहेत. बिचारी लाजली, आणि नारळासकट हात जोडून तिनं चारी बाजूंना नमस्कार केला.

मी खुर्च्या ढकलत पुढं निघाले. तेवढ्यात चेंडू भावाकडं आला, तो कडेनं सुसाट सुटला, त्यानं चेंडू आत टाकला आणि दुसऱ्यानं डोक्यानं गोल मारला. झालं! जिंकल्यावर उधळायला आणलेला गुलाल तिथंच फुटला. सामना संपेपर्यंत दम धरायचा, एवढी अक्कल एकालाही नाही. आईनं पदर डोळ्यांवर दाबून धरला. मी तिला धरून घरी नेलं, डोळ्यांत थेंब घातले आणि खाटेवर निजवलं. डोळे मिटूनच ती विचारत होती, उतरला का गं त्यो? लावली का माती? पटांगणातला गोंगाट हळूहळू बंद पडत गेला. समोरच्यांनी दोन गोल केले होते. आमच्या लोकांनी हरलेल्या सामन्याचा गुलाल उधळला होता.

आबांना मी नको नको ते बोलले. इतकी वर्षं फौजेत काढली, एक साधा हुकूम पाळता आला नाही तुम्हाला, असंही बोलले. आईचा डोळा वाचला, एवढंच नशीब. मोबाइलवर मी धुंडाळून पाहिलं, तर सगळीकडं नुसते गोलच. माती लावलेली कुणीच टाकली नव्हती. कुठल्या हातानं लावली असं आईनं मला विचारलं, तर तेही मला सांगता येईना. हात कपाळाला गेला तो मी ओझरताच पाहिला, लक्ष सगळं तिच्याकडं होतं.

सकाळी भावाचा फोन आला. हरल्याचं तो फारसं बोलला नाही.

‘‘आई, माती लावली. बघितलीस न्हवं?’’

‘‘बघितली की रं,’’ आई म्हणाली. तेवढ्यावर थांबायचं, तर तिला राहवलं नाही. ‘‘डाव्याच हातानं लावलीस न्हवं, लबाडा?’’

पलीकडून काहीच येईना. मला वाटलं रेंज गेली.

‘‘व्हय आई,’’ तो म्हणाला. ‘‘डाव्याच.’’

आई खूश. आपलं खोटं पचलं म्हणून दिवसभर तिनं मला दहा वेळा ते ऐकवलं. मीही हसले.

आठवड्यानं आबा आले. सत्काराचा फोटो त्यांनी मोठा करून फ्रेममध्ये घालून आणला होता. तो भिंतीला टेकवून ते निघून गेले. मला तर तो अंगणात भिरकावून द्यावासा वाटला. आईनं तो उचलून दारातल्या उजेडात नेला. पाहुण्यांवरून, शालीवरून, स्वतःच्या तोंडावरून तिचं बोट सरकत मागच्या पडद्यावर गेलं आणि तिथंच थांबलं. पडद्यावर भाऊ होता, वाकलेला, हात कपाळाशी.

‘‘ह्यो उजवा हाय गं,’’ ती म्हणाली.

मी जवळ जाऊन पाहिलं. उजवाच होता.

‘‘माझं ऐकलं व्हतं त्यानं.’’ तिनं पदरानं काच पुसली. ‘‘आन् मी डावा म्हणलं, तर त्यो व्हय म्हणला.’’