शेंदराचं बोट

मुंजाबाची अर्धी हयात खुलताबादच्या डोंगरावर मेंढरांमागं गेली. पण एके दिवशी खाली शहरात, शहागंजात मोहिद्दीन उस्तादांच्या दुकानात एका जुन्या बंदुकीची गंजकी नळी कढईतून निळीशार होऊन निघताना त्यानं पाहिली, आणि गड्याचं मन मेंढरांवरून उडालं ते उडालंच. पोलीस ॲक्शनला बरीच वर्षं लोटली होती. परवानेवाले वाडवडिलांच्या बंदुका दुरुस्तीला आणत. मिशा पिकायला लागल्या असताना मुंजाबा उस्तादांचा शागीर्द झाला.

काम दिसायला सोपं. नळी घासून लख्ख करायची, सोड्याच्या पाण्यात उकळून धुवायची, मग कॉस्टिक आणि सोऱ्याच्या रटरटत्या कढईत सोडायची, की पोलादावर निळाई चढते. फक्त धुतलेल्या नळीला बोट लावायचं नाही. तेलाचा अंश लागला की रंग रुसलाच.

लासूर स्टेशनच्या तात्यासाहेबांची बंदूक दसऱ्याच्या पूजेसाठी आली, तेव्हा उस्ताद म्हणाले, "मुंजाबा, ये तू अकेला कर. जम गया तो कढई तेरी. नहीं तो जा, मेंढरं राख."

मुंजाबानं जीव ओतला. धुतलेली नळी तारेला टांगली, आणि ऐनवेळी त्याला राहवेना. देवाचं नाव न घेता एवढं मोठं काम कसं करावं? कमरेची डबी काढून तेलात कालवलेल्या शेंदराचं एक बोट त्यानं नळीला लावलं, बिरोबाला हात जोडले आणि नळी कढईत सोडली. आता या माणसाला काय म्हणावं! देवाचं तेलही तेलच असतं, एवढं काही त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

नळी झकास निळी निघाली, आणि मधोमध बोटाएवढा पांढरा डाग. नेमके तेव्हाच तात्यासाहेब दारात हजर. मुंजाबानं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

"शेंदराचं बोट? मंग ऱ्हाऊ दे की!" तात्यासाहेब खूश झाले. "देवाची खूण हाय. लई झ्याक!"

मुंजाबाचा जीव भांड्यात पडला. तो नळी फडक्यात गुंडाळू लागला. पण डागापाशी हात थांबला.

"नाय तात्यासाहेब. ही खूण माझ्या चुकीची हाय. देवाच्या नावावर कशी खपवू? पुन्हा घासतो. उद्या न्या."

तात्यासाहेब कुरकुरत गेले. कोपऱ्यात बसून सगळं ऐकणारे उस्ताद उठले आणि कढईतून नळ्या काढायचा आपला लांब चिमटा त्यांनी मुंजाबाच्या हातात ठेवला.

"कढई तेरी," ते म्हणाले. "अब शेंदूर उसको लगा. मगर बाहर से!"