लाल चिंधी आणि दत्तूची फुलं

अकरा वाजता शेडनेटमध्ये गेले तर उरलेल्या ट्रेमधल्या टोमॅटोच्या रोपांची पानं पिळवटलेली. रोगानं पान असं एका सकाळीत पिळत नाही. हे तणनाशकाचं काम होतं.

सणसरला आमची रोपवाटिका आहे. ट्रेमध्ये बी लावायचं, महिनाभर रोप सांभाळायचं आणि शेतकऱ्याला द्यायचं, एवढा हा धंदा. फवारायचे पंप दोन. तणनाशकाच्या पंपाला लाल चिंधी बांधलेली असते, कारण तो कितीही धुतला तरी आत राहिलेलं थेंबभर औषध टोमॅटोला पुरतं. आदल्या दिवशी फाटक वाऱ्यानं आपटत होतं, म्हणून ती चिंधी मीच सोडून फाटकाला बांधली. संध्याकाळी त्याच पंपानं रोपांवर खताचं पाणी फवारलं. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

त्यातली रोपं पहाटे अंधारातच सहा जणांनी नेली होती. पाच जण ऊन उतरल्यावर लावणार होते. लोणी भापकरचे तात्या मात्र लाईट आली की पाणी सोडतात आणि लगेच रोपं लावायला घेतात. तिकडं लाईट त्या आठवड्यात सकाळचीच होती. लावलं असतं तर हंगाम गेला असता.

सुनिता, माझी सून, स्मार्टफोन सांभाळते. गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तिनंच काढलाय. माझा बटणाचा फोन.

"ग्रुपवर टाक," मी म्हटलं.

"आत्या, समद्यांना कळंल. सहा जणांना गुपचूप फोन करू की."

"कळू दे. फोन करत बसलो तर ते लावून मोकळे होत्याल."

मी स्वतः बोलून पाठवलं, "आज नेलेली रोपं लावू नका. माझ्या हातनं तणनाशकाचा पंप वापरला गेलाय. बदलून देते." दहा मिनिटांत पाच जणांचं उत्तर आलं. तात्यांकडंही बटणाचाच फोन, ते ग्रुपवर नाहीत. मी फोन लावत राहिले. काम करताना ते फोन पिशवीत घालून झाडाला टांगतात. रिंग नुसती वाजत होती.

तेवढ्यात सुनिताचा फोन वाजला.

"काकी, दत्तू बोलतोय. ग्रुपवर तुमचं ऐकलं अन् पळत आलो. तात्यांच्या बांधावर हाय. दोन सऱ्याच लावल्यात, थांबवलंय."

दत्तू म्हणजे तात्यांचा शेजारी. रोज सकाळी ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकतो. त्यानं फोन भरतो, म्हणून महिन्यापूर्वी मी त्याला काढायला सांगितलं होतं.

"काढलं न्हवतंस व्हय त्याला?"

"न्हाय काढलं. गिऱ्हाईक हाय. म्हटलं, आत्या इसरत्याल."

तात्या फोनवर आले. "बाई, ह्यो दोन वर्सं माझ्याशी बोलत न्हाय. आज आला ते बी 'थांबा' म्हणायला!"

"त्याचं ऐका तात्या. उपटून टाका. नवी रोपं मी स्वतः घेऊन येते."

"या. च्या पिऊनच जा."

दुसऱ्या शेडमधली रोपं आठवड्यात सहाही जणांना पोचवली. एका गिऱ्हाइकानं परत तोंड दाखवलं नाही, त्याचं बरोबरच आहे. बाकीचे आले. सुनितानं माझं ऐकलं नाही आणि दत्तूनं अबोला सोडला, म्हणून तात्यांचं रान वाचलं. दोघांचे उपकार आहेत.

दत्तूची फुलं अजून येतात. सुनिता रविवारी पुसते. माझा बटणाचा फोन एकदा चार्ज केला की चार दिवस चालतो, पण त्यात दत्तू नाही. कुठला फोन चांगला ते मला अजून सांगता येत नाही. तणनाशकाचा पंप मात्र चिंधीवर न सोडता लाल रंगवून घ्यावा.