हळदीकुंकवातली घाणेरी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरतात. मी घाणेरीच्या काड्या वाटल्या. नवी सून होते, चार इंग्रजी अक्षरं गिरवली होती. मग दुसऱ्याला काही विचारायचं कशाला? ठाण्यातल्या गोऱ्या साहेबाच्या कुंपणावरची पिवळी-गुलाबी फुलं मला भारी आवडली. माळ्याकडून काड्या आणवल्या आणि टेंभी नाक्याच्या आमच्या आळीला ‘विलायती वाण’ म्हणून दिल्या. शेळीनं पान हुंगून तोंड फिरवलं, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

एक काडी विहिरीपाशी खोचली. ती जागा आत्याबाईंची, म्हणजे माझ्या आत्येसासूबाईंची. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेल्या. एवढ्या घरात त्यांचं म्हणावं असं तेवढंच, एक जाईचा मांडव. स्वतः फूल माळायचं नाही. पण देवांना आणि आम्हा पोरींच्या वेण्यांना रोज त्यांचीच जाई.

नवं रोप दिसलं की त्या विचारायच्या, “हा पाहुणा कोण, आणि जाणार कधी?” माझ्या काडीलाही विचारलंच.

मी ऐटीत म्हटलं, “अहो आत्याबाई, याला पाणीसुद्धा घालावं लागत नाही!”

“मग हा जायचा नाही,” त्या म्हणाल्या.

नाहीच गेला. दोन पावसाळ्यांत मांडव दिसेनासा झाला. बुलबुलांनी फळं खाऊन आळीभर बिया टाकल्या. जाई वाळली. आता माझी धडगत नाही, असं वाटलं. पण आत्याबाईंनी पदर खोचला, कोयता घेतला आणि आधी मांडव मोकळा केला. बुंध्याशी जाईचा एक कोंब हिरवा होता. त्याला त्यांनी विहिरीचं पोहराभर पाणी घातलं.

मग निघाल्या आळीत. हळदीकुंकवाला ज्यांना कुणी बोलावत नसे, त्या आत्याबाई घरोघरी जाऊन म्हणाल्या, “कुंकू नको गं, तुमची घाणेरी तेवढी द्या.” मागून भारे वाहत मी. हातात काटे, आणि आळीतल्या बायका पदराआड हसतायत!

पुढे इकडच्या स्वारीची बदली कल्याणच्या कचेरीत झाली. सामान गाडीत चढलं, तशा आत्याबाई ओल्या फडक्यात जाईची मुळं फुटलेली फांदी घेऊन आल्या. माझ्या ओटीत ती ठेवून म्हणाल्या, “हिला रोज पाणी लागतं हो सूनबाई. तेवढ्यापुरती तरी माझी आठवण काढशील.”