पडताळणीचा फोन

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा मला नव्याने लागलेल्या मंडळींसमोर उभं करतात. विषय ठरलेला असतो: बिझनेस ॲनालिसिसचं सर्टिफिकेट घेतल्याने करिअरला काय फायदा होतो. मी बोलतो बरं. सपोर्टच्या खुर्चीवर बसून लोकांच्या तक्रारी उतरवून घेणारा मी, सर्टिफिकेट हातात पडल्यावर वर्षभरात ॲनालिस्ट झालो. पगार वाढला. हुबळीत बसून पुण्याच्या नि परदेशातल्या कंपन्यांचं काम मिळालं, बंगळूरला खोली करून राहायची वेळ आली नाही. पूर्वी मीटिंगमध्ये माझं वाक्य कुणीही मध्येच तोडायचं, आता मी नुसता घसा खाकरला तरी लोक थांबतात. यातलं काहीही खोटं नाही. बोलून झालं की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, तुम्हाला शिकवलं कुणी?" मी एका ऑनलाइन क्लासचं नाव सांगतो आणि पाणी पितो.

मला शिकवलं माझ्या अक्काने.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणीफणी सोडून बाकी सगळं तिनेच केलं असं ती चिडवायची. लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांच्या आत परत आली. का आली हे आमच्या घरात मोठ्याने कधी बोललं गेलं नाही. महिनाभर खोलीत बसून होती. मग एक दिवस अप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, डबा द्यायला म्हणून दुकानात गेली ती संध्याकाळीच घरी आली, आणि पुढे बारा वर्षं रोज जात राहिली.

दुकान भांड्यांचं. पणजोबांनी निपाणीकडून येऊन हुबळीच्या बाजारात घातलेलं. लग्नसराईत अळणावर, कलघटगीकडची माणसं गाडी भरून येतात, मुलीला द्यायची भांडी घेतात आणि प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालून घेतात. नाव घालणारे काका दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून बसायचे. त्यांना सांगणारे एका वेळी चौघे, दोघे मराठीत नि दोघे कानडीत. मग मामाने दिलेल्या घागरीवर चुलत्याचं नाव पडायचं, एका लग्नाची पातेली दुसऱ्याच्या गाडीतून जायची, आणि हळदीच्या दिवशी माणसं भांडायला दुकानात यायची. अप्पांकडे यावर एकच उपाय होता, नाव घालणाऱ्या काकांवर ओरडणं.

अक्का ओरडली नाही. आठवडाभर पायरीजवळ स्टूल टाकून नुसती बघत बसली. कोण सांगतं, कोण ऐकतं, गोंधळ नेमका कुठे होतो. मग तिने पद्धत घातली. लग्नपत्रिका आणल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. पत्रिका भांड्यांच्या टोपलीला सुतळीने बांधायची. कुठल्या भांड्यावर कुणाचं नाव हे त्या घरच्या माणसाने पत्रिकेच्या मागे स्वतःच्या हाताने लिहायचं, लिहिता येत नसेल तर अक्का लिहून घेऊन दोनदा वाचून दाखवणार. त्या लग्नसराईत एकही भांडं परत आलं नाही. अप्पा ऐटीत गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या दुकानाची पद्धतच हाय ही."

मी सर्टिफिकेटचा अभ्यास काढला तेव्हा ते जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या डोक्यावरून जायचं. रविवारी दुपारी दुकान बंद असे. अक्का भाजी निवडत बसलेली आणि मी शेजारी व्याख्या घोकत. स्टेकहोल्डर म्हणजे कोण, हे मी तिला एका दमात म्हणून दाखवलं.

"म्हणजे मुलीचा मामा की रे," ती म्हणाली. "भांडी तो घेत नाही, वापरत नाही. पण त्याला विचारलं नाही तर ऐन लग्नात रुसून बसतंय. त्याला आधी गाठायला पाहिजे."

लोक मागतात एक आणि त्यांना हवं असतं दुसरंच, यावर पुस्तकात अख्खं प्रकरण होतं. अक्काने ते एका बाईवर संपवलं. "परवा एक बाई मोठी घागर द्या म्हणून बसलेली. घरात नळ आहे, घागर कशाला, विचारलं. तर विहिणीने स्वतःच्या लेकीला घागर दिलेली. तिला घागर नको होती रे तम्मा, विहिणीपेक्षा चार बोटं मोठं काहीतरी पाहिजे होतं. मी पिंप काढून दाखवलं, हसत गेली." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मला ती लहानपणापासून तसंच म्हणते.

परीक्षेत मी त्या मामाला आणि त्या विहिणीला आठवून उत्तरं लिहिली आणि पहिल्या फटक्यात पास झालो. अप्पांनी सर्टिफिकेटची प्रत फ्रेम करून गादीमागे लावली. स्थळं येऊ लागली.

पायरीवरच्या पत्रिकांची गोष्ट मी एकदा ऑफिसात माझ्या मॅनेजर बाईंना सहज सांगितली. त्या ऐकतच राहिल्या. म्हणाल्या, "हे काम लोकांना वर्षानुवर्षं शिकवून जमत नाही. पण तुझ्या अक्कांचं वय अडतीस, आधी नोकरी नाही. मी कितीही सांगितलं तरी वरचे कागद मागतील. त्यांना सर्टिफिकेट घ्यायला सांग, एक जागा निघणार आहे, मी शब्द टाकते." मी घरी येऊन अक्काला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजमधून डिग्रीचे कागद काढायला धारवाडला गेली आणि येताना सुभाष रोडवरून तीन वह्या नि एक हँडबॅग घेऊन आली.

"हँडबॅग कशाला गं?" मी विचारलं.

"मग? ऑफिसला काय भाजीची पिशवी घेऊन जाऊ?"

तिला काय हवं होतं ते तिने मला एकदाच सांगितलं. लग्नाकार्यात बायका विचारतात, तू काय करतेस, आणि त्यांना खरं तर विचारायचं असतं, तू माहेरी का. "मला एका शब्दात उत्तर देता आलं पाहिजे. मग पुढचं कोण विचारत नाही," ती म्हणाली.

परीक्षेला बसायच्या आधी अनुभव दाखवावा लागतो. अक्काने बारा वर्षांचं काम लिहून काढलं. काय अडचण होती, कुणाकुणाला विचारलं, काय बदललं. मी फक्त इंग्रजी नीट केलं, आणि तेही फारसं करावं लागलं नाही. खात्री देणारा मालक म्हणून अप्पांचं नाव नि मोबाइल नंबर. अप्पांनी चष्मा न लावता सही केली. सर्टिफिकेट देणारी संस्था काही अर्ज फोन करून पडताळते, असं पत्र आलं तेव्हा मी अप्पांना सांगायला हवं होतं, की कुणीतरी विचारील आणि तुम्ही होय म्हणायचं. मला वाटलं, यात सांगायचं काय? बारा वर्षं ती त्यांच्या डोळ्यांसमोर राबत होती.

ती तेव्हा आठवड्यातून तीनदा धारवाडला क्लासला जायची. अशाच एका दिवशी निपाणीचे पाहुणे, म्हणजे आता माझे सासरे असलेले गृहस्थ आणि त्यांचे थोरले भाऊ, न कळवता दुकानात येऊन बसले. मुलगी द्यायची तर आधी दुकान बघून घ्यावं, असा त्यांचा हिशेब. अप्पांनी मला ऑफिसातून बोलावून घेतलं. चहा झाला, सर्टिफिकेटची फ्रेम बघून झाली, आणि अप्पांचा मोबाइल वाजला. पलीकडून इंग्रजी आलं तसा त्यांनी तो माझ्या हातात दिला. आम्ही घरी मराठी, बाजारात कानडी, अप्पांना तिसरी म्हणाल तर मोडकीतोडकी हिंदी.

पलीकडचा माणूस सौम्य होता. अर्जदार या दुकानात काम करतात का, एवढंच त्याला मालकाच्या तोंडून हवं होतं. मी अप्पांना म्हटलं, "अक्का दुकानात काम करते का, विचारायलेत."

अप्पांनी माझ्याकडे नाही, पाहुण्यांकडे पाहिलं. आणि हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "छे छे. आमच्या घरच्या बायका कामाला जात नाहीत म्हणून सांग. घरी करमत नाही, हौस म्हणून येऊन बसती."

निपाणीचे थोरले पाहुणे समाधानाने मान हलवत होते.

अप्पा खोटं बोलत नव्हते, हे आज मला कळतं. बाजारातल्या आमच्या लोकांत लेकीला कामाला लावलं म्हणणं म्हणजे घर बसलं म्हणण्यासारखं. परत आलेल्या लेकीला आपण राबवत नाही, मानाने ठेवलंय, हेच ते त्या दोघांना सांगत होते. लोक जे बोलतात त्याच्या मागचं ओळखायचं आणि ते पुढे नीट पोचवायचं, याचंच सर्टिफिकेट माझ्या डोक्यामागे भिंतीवर टांगलेलं होतं. इंग्रजीत मी काय बोलतोय हे अप्पांना कळणार नव्हतं. मला फक्त 'येस' म्हणायचं होतं.

पण थोरल्या पाहुण्यांना थोडंफार इंग्रजी येतं असं मघाशी ते बोलले होते. मी घाबरलो. मी अप्पांचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्या माणसाने पुन्हा विचारलं, म्हणजे त्या काम करत नाहीत? मी म्हटलं, माझे वडील नाही म्हणतायत. त्याने आभार मानले. वाटलं, उद्या मेल करून समजावून सांगू. मग वाटलं, सुपारी फुटू दे. सुपारी फुटली आणि संस्थेचं पत्रही आलं. माहिती खरी आढळली नाही, अर्ज नामंजूर, आणि काही काळ पुन्हा अर्ज करता येणार नाही. बारा वर्षांच्या कामाला त्यांनी खोटं ठरवलं होतं. ऑफिसातली जागा पुढच्या महिन्यात दुसऱ्याला गेली.

अक्काने जेवताना विचारलं, "अप्पा, तुम्हाला फोन आलेला?"

"आलेला."

"काय सांगितलासा?"

अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी ताटात बघत होतो. "आमच्या घरच्या बायका कामाला जात नाहीत म्हणून सांगितलं," ते म्हणाले.

कुठल्या दिवशी, शेजारी कोण होतं, हे तिने विचारलं नाही आणि अप्पांनी सांगितलं नाही. ते आपल्या हिंदीत बोलले असतील, असं ती धरून चालली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली नाही. अप्पा दारात थांबले तर मला म्हणाली, "त्यांना जायला सांग. मी कुठं काम करते?" त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, औषध हातावर ठेवायची, पण शब्द नाही. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. दोघांच्या मधला निरोप्या मी.

अप्पांना दवाखान्यात नेताना एकदा मी गाडी उणकलच्या तळ्याकडेला थांबवली आणि म्हटलं, "अप्पा, मी सांगतो तिला. फोनवर मी होतो."

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "नको. वाक्य माझंच होतं. आणि तुझ्यावर पण रुसली तर मग ती बोलणार कुणाशी?"

मला सुटल्यासारखं झालं. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं. मी गाडी सुरू केली.

अशी दोन वर्षं गेली. शेवटचे आठ दिवस अप्पा अंथरुणावर होते. अक्काने त्यांना चमच्याने पेज भरवली, कूस बदलली, सगळं केलं. ते तिच्या तोंडाकडे बघत असायचे. तिने तोंड उघडलं नाही. मी खोलीच्या दारात उभा असायचो. एक वाक्य बोललो असतो तर ती बोलली असती त्यांच्याशी, हे मला तिथे उभं असतानाही माहीत होतं. सकाळी अकराच्या सुमाराला अप्पा गेले.

तेराव्यानंतर आम्ही दोघं दुकान आवरायला गेलो. ते आता भाड्याने द्यायचं ठरलं होतं. तिने पुन्हा अर्ज करावा म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो, मुदत कधीच संपली होती. तेच पुन्हा काढलं तर म्हणाली, "आता काय सांगू त्यांना, कुठं काम केलं म्हणून? सांगणारंच गेलं." मग गादीवर बसली, आणि कितीतरी दिवसांनी रडली. मी शेजारी बसलो.

पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "मी उगीच राग धरला रे. बिचाऱ्यांना इंग्रजी कुठलं येणार, सुचलं ते बोलले. तू असतास तम्मा त्या दिवशी इथं, तर नीट सांगितलं असतंस."

मी "हो" म्हटलं.