माहेरच्या नावाचं तिकीट

बिदरच्या मैलूरात माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. कुणाला जातीचा दाखला काढायचा असतो, कुणाला रेशन कार्डात सुनेचं नाव घालायचं असतं, कुणाच्या आधारात बापाचं नाव चुकलेलं असतं. आमच्याकडे माणूस घरात मराठी बोलतो, कचेरीत कन्नड लिहितो आणि बाजारात दख्खनी उर्दू बोलतो. एवढ्या प्रवासात त्याच्या नावातली एखादी वेलांटी सांडतेच. ती उचलून जागेवर लावायची, हे माझं पोट भरायचं साधन. माझे स्वतःचे कागद मात्र लख्ख आहेत. शाळेच्या दाखल्यापासून पॅन कार्डापर्यंत एका अक्षराचा फरक नाही. लग्नातही माझं नाव बदललं नाही. तांदळाचं ताट आणलं होतं, पण आईच मध्ये पडली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोरीचे सगळे कागद बदलत बसावं लागंल." कागदांचा मला गर्व आहे, हे कबूल करते.

म्हणूनच त्या संध्याकाळी मला दुसऱ्या कुणापेक्षा स्वतःचाच राग आला.

बंगळूरला मामाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, तिचा अण्णा. वय सत्तरीच्या पुढे, आणि हट्ट सात वर्षांच्या पोराचा. "ती आल्याबिगर मी आत जात न्हाई," म्हणून बसला. डॉक्टरांनी समजावलं, मुलानं समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्याच्या मुलानं, माझ्या मामेभावानं, आम्हा दोघींची बिदरहून विमानाची तिकिटं काढून मोबाइलवर पाठवली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही तिथं पोचणार होतो. मी तारीख पाहिली, वेळ पाहिली आणि आईला विमानात बसवणार म्हणून चार घरी सांगून आले. नावं पाहिली नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मी चेक-इन करायला बसले. माझं नाव बरोबर होतं. आईच्या जागी कुणी वेगळीच बाई होती.

पहिल्यांदा वाटलं, चुकून भलतीचंच तिकीट आलंय. मग डोक्यात उजेड पडला. ते आईचंच नाव होतं, माहेरचं. आईला दोन नावं आहेत. एक चिंताकीत तिच्या बापानं ठेवलेलं, नदीचं. दुसरं निर्ण्याला सासरी मिळालेलं, देवीचं. ते माझ्या वडिलांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं होतं. ती दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. एक आधी लिहिलं तर दुसरीला राग येईल. मामाच्या घरात आईला अजून नदीच्याच नावानं ओळखतात. मामेभावानं आडनावही तिकडचंच, म्हणजे स्वतःचं, घालून टाकलं होतं.

मी त्याला फोन लावला.

"आत्याचं नाव तेच न्हाई का? बाबा तर तेच म्हणतेत," तो म्हणाला.

"तुझ्या आत्याचं लग्न झालंय रे बाबा!"

"ते म्हाईत हाय की. पण नाव बी बदललंय हे मला कोण सांगितलंय?"

मी फोन ठेवला. विमान कंपनीला फोन केला. एखादं अक्षर बदलता येईल, सबंध नाव नाही, असं तिथली मुलगी गोड आवाजात तीनदा म्हणाली. रद्द करून नवं काढावं तर विमान भरलेलं, आणि पुढचं विमान ऑपरेशननंतर दोन दिवसांनी. रात्रीच्या रेल्वेला भलं मोठं वेटिंग. मागे स्लीपर बसनं गेलो होतो तर आईच्या मणक्यानं आठवडाभर अंथरूण धरायला लावलं होतं.

मी तिचे सगळे फोटोचे कागद पलंगावर मांडले. आधार, मतदार कार्ड, पॅन, बँकेचं पासबुक. सगळीकडे देवी. मी ते वर-खाली करत राहिले, जणू जागा बदलली की नाव बदलेल. उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले, परत तेच. उद्या दारावरून परत पाठवलं तर मामा आत जाणार नाही, आणि त्याच्या छातीचं काही बरंवाईट झालं तर आई मला काही बोलणारही नाही. तिचं ते न बोलणं मला आत्ताच ऐकू यायला लागलं होतं.

आई स्वयंपाकघरात मामासाठी कडक भाकरी कापडात बांधत होती. परवा ऑपरेशन असलेल्या माणसाला ज्वारीची कडक भाकरी!

"कामून यवढ्या येरझारा घालायलीस?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं गाठ मारलेलं कापड बाजूला ठेवलं. मग कपाटातून दोऱ्यांच्या रिळांचा पत्र्याचा डबा काढला. रिळं, सुया, हुकांच्या पुड्या बाहेर काढून ठेवल्या आणि तळाचा कागद उचलून एक कार्ड माझ्या हातात दिलं.

जुनं मतदार कार्ड होतं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, कडेला पिवळं पडलेलं. कन्नडात आणि इंग्रजीत लिहिलेलं. फोटोत तिशीतली एक बाई कॅमेऱ्याकडे रोखून बघत होती. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. खाली नाव नदीचं. गाव चिंताकी.

हायसं वाटायला हवं होतं. पण मी दिवसभर असलेच कागद वाचते, आणि डोळे आपोआप पुढच्या ओळीवर गेले. लग्न झालेल्या बाईच्या कार्डावर तिथं नवऱ्याचं नाव असतं. इथं आजोबांचं होतं. कार्डावरच्या तारखेला मी नऊ वर्षांची होते.

त्या वर्षी आम्ही चिंताकीला राहायला गेलो होतो. आजीचे पाय दुखतात, तिला हाताखाली माणूस हवं, असं मला सांगितलं होतं. आजी डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी विहिरीवरून आणायची, पण एवढा विचार नऊ वर्षांच्या डोक्यात कुठला यायला. मला ते दिवस फार आवडले होते. तिथल्या शाळेत तर माझं हजेरीत नावच नव्हतं. सगळ्यांची नावं संपली की मी आपणहून उठायचे आणि जोरात "हजर" म्हणायचे. पोरं हसायची, गुरुजी हसायचे. दिवाळीनंतर आम्ही निर्ण्याला परत आलो. सुट्टी संपली, एवढंच मला वाटलं होतं.

"आई, हे कधी काढलीस?"

"तारीख बघितलीस की."

"तू तिकडंच राहणार होतीस?"

"ती भाकरी सोड हातातनी. मोडायलीस बघ."

खरंच, गाठ सोडून एक भाकरी मी कधी हातात घेतली होती कुणास ठाऊक. वडील जाऊन सहा वर्षं झाली. ते वाईट होते असं मला कधी वाटलं नाही, आणि आईशी चांगले होते का, हे मी कधी विचारलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच सांगते.

सकाळी आणखी एक किडा डोक्यात शिरला. दोन मतदार कार्डं बाळगणं बरोबर नाही. एखाद्या गिऱ्हाइकाकडे तशी निघाली की मी त्याला दरडावते, एक रद्द करा म्हणते. आणि आज मीच! विमानतळावर दाखवायचं तर कुठलं कार्ड दाखवायचं? जुन्यावर नाव जुळतं पण चेहरा तीस वर्षांमागचा. आधारवर चेहरा आजचा पण नाव जुळत नाही. मी ठरवलं, जुनंच पुढं करायचं. आधार पर्सच्या तळाशी ठेवायचं, आणि दुसरं कार्ड आहे का विचारलं तर सरळ नाही म्हणायचं. रिक्षात मी सारखी चेन उघडत होते, कार्ड बघत होते, चेन लावत होते.

"तुटंल ती चेन," आई म्हणाली.

विमानतळाच्या दारावर एक कोवळा जवान उभा होता, उत्तरेकडचा असावा. माझं पटकन झालं. आईचं कार्ड त्यानं उलटसुलट करून पाहिलं.

"ये आप हैं, अम्मा?"

"हौ, मैंच हूँ."

"नाम?"

आईनं नाव सांगितलं. तिला स्वतःला ते नाव घेताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. न अडखळता, आडनावासकट, शाळेत सांगावं तसं. त्यानं बापाचं नाव विचारलं, तेही सांगितलं.

"फोटो बहुत पुराना है. कोई दूसरा कार्ड?"

‘नहीं’ अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आईनंच माझ्या पर्सची चेन उघडली आणि तळातलं आधार काढून त्याच्या हातात ठेवलं.

"ये लेव. पर इसपे नाम दूसरा है. वो बाप रखे सो नाम, ये शादी में रखे सो."

संपलं, असं मला वाटलं. जवान दोन्ही कार्डं घेऊन आत साहेबाकडे गेला. आम्हाला बाजूला उभं केलं. मागची माणसं पुढं जात होती आणि जाताना आमच्याकडे बघत होती. मला आईचा राग आला, इतका की तिच्याकडे बघवेना. तीस वर्षं लपवलंस आणि आजच बरं खरं बोलायचं सुचलं! मी घड्याळ बघत होते, काच बघत होते, परत घड्याळ. आई भाकरीचं गाठोडं पोटाशी धरून शांत उभी होती.

साहेब बाहेर आले. त्यांनी कन्नडात विचारलं, यातली तुम्ही कुठली?

"एरडू नंदे," आई म्हणाली. दोन्ही माझीच.

त्यांनी एकेका फोटोतले हनुवटीचे ठिपके पाहिले, मग आईची हनुवटी पाहिली. तिकीट पाहिलं. कार्डं परत देताना मला म्हणाले, परत आल्यावर यातलं एक नाव रद्द करून घ्या. अख्ख्या मैलूरला हेच सांगणारी मी मान खाली घालून हो म्हणाले.

आत खुर्चीवर बसल्यावरही मी पर्सची चेन उघडत होते, लावत होते. आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"मी परत येणार न्हव्हते," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "अण्णाच मतदार यादीत नाव घातला. म्हणला, कागदावर नाव आसलं की कुणी जा म्हणत न्हाई."

"मग का आलीस?"

"तुझं टीसी, शाळा सोडल्याचा दाखला, निर्ण्याच्या शाळंतनी यायला पायजे हुतं. बापाची सही लागती म्हणले. तुझे वडील सही देईनात. पोरीला शिकवायचं आसंल तर हितं घेऊन ये म्हणले." ती समोरच्या काचेकडे बघत होती. "तरी बी मी आडून बसले हुते. मग एक दिवस तुझे गुर्जी घरी आले. कौतुकानं सांगायलेत, की हजेरीत नाव न्हाई तरी पोरगी रोज उठून हजर म्हणती. तू बी बाजूला उभं ऱ्हाऊन हसायलीस. माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई त्या दिवशी."

मजेची म्हणून मी ती गोष्ट कितीदा कुणाकुणाला सांगितली होती.

"माझी काय, दोन नावं हुती," आई म्हणाली. "तुझं एक बी कुठं लागंना. अण्णाच आमाला निर्ण्याच्या गाडीत बसवून दिला, आन् ष्ट्यांडवर बायकांसारखा रडला."

"नेमकं झालं काय होतं?"

"ते आता सांगून काय करायचंय? मेलेल्या माणसाला उत्तर देता येत न्हाई."

माझं आधार वरच्याच कप्प्यात होतं, एका वेलांटीचीही चूक नसलेलं. ते बाहेर काढून बघायचा मला धीर झाला नाही. मी आईचा हात धरला आणि विमानात बसेपर्यंत, बसल्यावरही, सोडला नाही. तिला वाटलं, मी विमानाला भ्यायले.

बंगळूरच्या दवाखान्यात एका वेळी दोघांनाच आत सोडत होते. मामेभाऊ बाहेर थांबला, आम्ही दोघी गेलो. मामा डोळे मिटून पडला होता, नाकाशी नळी, छातीचे केस काढलेले. एवढ्या मोठ्या माणसाचं तिथं काहीच उरलं नव्हतं. पावलांचा आवाज आला तसे त्याचे ओठ हलले. डोळे न उघडताच त्यानं आईचं नाव घेतलं, नदीचं.

आईनं एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "हजर."