सोळा आडवा

दोन अक्षरी शब्द, शेवटी ळ. असे शब्द हाताशी असल्याशिवाय कोड्याचा कोपरा बंद होत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळले होते. मधले लांब शब्द आपसूक सापडतात. माणूस अडतो तो कोपऱ्यात, जिथे दोनच घरे उरलेली असतात आणि खालच्या घरात ळ येऊन बसलेला असतो. नळ, गळ, तळ, फळ हे सगळे पहिल्या दोन महिन्यांतच वापरून संपले. मग त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेतला आणि त्यात पत्त्याएवढी कार्डे टाकायला सुरुवात केली.

खळ: कागद चिकटवायची पिठाची पातळ लापशी. घळ: दोन डोंगरांमधली अरुंद फट. पळ: चोवीस सेकंदांचा काळ. चळ: मधूनच उसळणारे वेड. हाळ: गुरांना पाणी प्यायला विहिरीशेजारी बांधलेली कुंडी. प्रत्येक कार्डाच्या मागे तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकला ते लिहिलेले असे, कारण नुसता कोशात सापडलेला शब्द तो कोड्यात घालत नसे. जिवंत माणसाने एकदा तरी तो त्याच्यासमोर उच्चारलेला हवा. घळ दुधवाल्याकडून आला होता, खळ बाइंडिंगवाल्याकडून. आणि निम्म्याहून जास्त कार्डांच्या मागे एकच शब्द होता: ताई.

तो साप्ताहिकाच्या कचेरीत मुद्रिते तपासायचा आणि एकतीस वर्षे शेवटच्या पानावरचे शब्दकोडे करायचा. कचेरीत सगळे त्याला कोडेबुवा म्हणत. लग्न त्याने केले नाही. केले असते, असे तो सुरुवातीला म्हणे, पुढे तेही म्हणेनासा झाला. ताई त्याची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती एक शिवणयंत्र आणि दोन पेट्या घेऊन त्याच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि गणवेश शिवायच्या कारखान्यात कापड बेतायला लागली. तिथून निवृत्त होऊनही तिला दहा वर्षे झाली होती.

कोडे करणाऱ्याला स्वतःचे कोडे तपासता येत नाही. उत्तरे त्याला ठाऊकच असतात, त्यामुळे चूक दिसत नाही. म्हणून दर गुरुवारी दुपारी चहा झाला की तो हाताने काढलेला कच्चा कागद तिच्यापुढे ठेवायचा. ताई आधी एक शब्दही वाचायची नाही. ती मोजायची. डाव्या हाताचे बोट चौकटीतल्या आकड्यांवरून, उजव्या हाताचे बोट खालच्या सूत्रांवरून, दोन्ही बरोबरीने सरकत. कापड कापायच्या आधी मोजायचे आणि कापल्यावर पुन्हा मोजायचे, ही तिची कारखान्यातली सवय होती. मोजून झाले की पेन्सिल उचलायची.

"नऊ उभा काय घातलायस, मेल्या? असं कोणी बोलतं का?"

"तूच बोललीस. मागे दिवाणाची खोळ शिवताना."

"मी काय वाट्टेल ते बोलते. तू लिहून घेतोस, यात माझा काय दोष?"

सोडवलेला कागद ती टाचणीने भिंतीवरच्या कॅलेंडरला लावून ठेवायची. रविवारी अंक आला की छापलेले कोडे कापून काढायची, कच्च्या कागदाशी ताडून बघायची आणि मगच वहीत चिकटवायची. अशा सव्वीस वह्या कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या.

गेल्या वर्षी एका गुरुवारी तिने एक कोपरा रिकामा ठेवला. दोन घरे. सूत्र होते, 'कापडाला पडलेली चुणी, मनातली अढीही.'

"हे कुठून उकरून काढलंस?" तिने विचारले.

शब्द होता सळ. कार्डाच्या मागे तिचेच नाव होते. कोटाच्या पाठीला सळ पडला म्हणून तिने अख्खा कोट उसवला होता, तो दिवससुद्धा त्याला आठवत होता. तो म्हणाला, "जुना आहे. जाऊ दे." आणि कार्ड डब्यात परत ठेवले.

पुढच्या गुरुवारी तीन घरे रिकामी राहिली. मग सात. एकदा चहात साखर टाकून ती हात वर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "ते दे ना. ढवळायचं." त्याने चमचा दिला. चार महिन्यांपूर्वी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवले आणि त्याला आत सांगितले. बाहेर येऊन त्याने तिला सांगितले की अंगात ताकद कमी आहे, गोळ्या दिल्यात.

"ताकद कमी म्हणजे? मी काय पोती उचलते का?" ती म्हणाली. पण गोळ्या घेऊ लागली.

त्या दिवसापासून त्याने डबा उघडला नाही. कोपऱ्यात तो नळ आणि फळ घालू लागला. बाकीची सूत्रेही तशीच: 'आकाशाचा रंग.' 'रात्री घरात लावतात.' ताई पेन्सिल घेऊन बसे, ओठ हलवत एकेक घर भरे आणि शेवटचे घर भरले की कागद त्याच्याकडे सरकवून म्हणे, "झालं." त्या एका शब्दासाठी तो आठवडाभर जगत होता, असे म्हटले तर ते फार खोटे नव्हते.

वाचकांच्या ते ध्यानात यायला वेळ लागला नाही. संपादकबाई वयाने त्याच्या अर्ध्याच होत्या. त्यांनी त्याला आत बोलावले, खुर्ची दिली आणि एक पत्र पुढे केले. एका गृहस्थांनी लिहिले होते की आपली तिसरीतली नात ताटावर बसल्या बसल्या कोडे सोडवते, तेव्हा संपादकांनी ते बालविभागात हलवावे.

"राग मानू नका काका," बाई म्हणाल्या, "पण अशी अकरा पत्रं आली आहेत. बाहेरून आकड्यांची तयार कोडी मिळतात. मी इतके दिवस नको म्हणत आले. या रविवारी तुमचं जुन्या वळणाचं एक द्या. नाहीतर मला पुढे बोलता येणार नाही."

तो घरी आला आणि डबा उघडला. दोन दिवस तो जागचा हलला नाही. राळ, हाळ, घळ, चळ. कार्डे टेबलावर पसरली, चौकट आखली, पुसली, पुन्हा आखली. मनाची लाज वाटावी इतका आनंद त्याला झाला. पलीकडच्या खोलीत ताई कपाटातले कपडे काढून पुन्हा घडी करत होती. तिच्या हातात काम होते, याच्याही हातात काम होते, आणि कितीतरी दिवसांनी घर घरासारखे वाटत होते.

गुरुवारी दुपारी त्याच्यापुढे दोन कागद होते. एक हा, आणि दुसरा तासाभरात केलेला सोपा. बराच वेळ तो नुसता बसून राहिला. हा कागद तिच्यापुढे ठेवला तर निम्मी घरे रिकामी राहतील, तिचा चेहरा उतरेल, आणि मग आपल्याला काय झाले आहे ते ती विचारेल. त्याने सोपा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने मोजले, सोडवले आणि टाचणीने कॅलेंडरला लावला. शुक्रवारी त्याने दुसरा कागद छापायला दिला. एकतीस वर्षांत ताईच्या बोटाखालून न गेलेले ते पहिले कोडे.

रविवारी तो आंघोळ करून बाहेर आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती. डाव्या हाताला छापलेले कात्रण, उजव्या हाताला कच्चा कागद. दोन्ही हातांची बोटे कात्रणावरून सरकत होती.

"सोळा आडवा कुठंय?" ती म्हणाली.

"असेल की."

"घर आहे. आकडा आहे. खाली पंधरानंतर एकदम अठरा. सूत्रच नाही."

त्याने कात्रण ओढून घेतले. हाळ बसवायला त्याने अगदी शेवटी एक काळे घर पुसले होते. तिथून नवा शब्द सुरू झाला. त्याने आकडे बदलले, पण सूत्र लिहायचे राहून गेले. चौकट तो वीस वेळा वाचून गेला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला तिथे उत्तर दिसले होते.

"आणि हे मी सोडवलेलं नाही," ताई म्हणाली. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, कड कडेला लावून, बेतायच्या कापडासारखे. "काळी घरं जुळत नाहीत. बघ."

"शेवटच्या क्षणी बदललं. संपादकबाईंनी..."

"मला का दाखवलं नाहीस?"

तिने कात्रण वहीत चिकटवले नाही. दुमडून वहीत ठेवले आणि उठून गेली.

सोमवारी कचेरीत फोन वाजत राहिला. सोळा आडवा कुठे आहे, हे वाचकांना हवे होते. संपादकबाई रागावल्या नाहीत, ते त्याला जास्त लागले. पुढच्या अंकापासून आकड्यांचे कोडे येईल, असे त्यांनी सांगितले. मुद्रिते तपासायचे काम मात्र चालू राहील, काका.

संध्याकाळी घरी येऊन त्याने पायातले जोडे न काढताच ताईला सांगितले.

"माझ्यामुळे?" तिने विचारले.

"नाही गं. चूक माझी."

"मला दिलं असतंस तर मी मोजलं असतं."

"हो."

"शब्द नसते आले. मोजलं असतं की नाही?"

"मोजलं असतंस."

ती शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली होती. यंत्रावर आच्छादन होते. तिने त्याच्याकडे न बघता विचारले, "मला काय झालंय ते सांग. ताकदबिकद नको."

त्याने सांगितले. अर्थ लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ती चार वाक्ये जुळवायला फार वेळ लागला. विसरायचा आजार आहे. बरा होत नाही. हळूहळू वाढतो. आधी शब्द जातात, मग वेळ, मग माणसे. डॉक्टर म्हणाले तसेच, त्याच क्रमाने.

"कधीपासून माहितीये तुला?"

"चार महिने."

"चार महिने." तिने यंत्रावरचे आच्छादन ताणून सरळ केले. "आणि चार महिने मला पहिलीतल्या पोरीसारखी कोडी घालत होतास. आकाशाचा रंग म्हणे. मला वाटलं, तुझंच डोकं चालेनासं झालं. मी कोणाला सांगितलं नाही, उगाच तुझी नोकरी जाईल म्हणून."

तो हसायला गेला, पण जमले नाही. तीही हसली नाही.

"ठोंब्या," ती लहानपणी म्हणायची तसे म्हणाली, पुष्कळ वर्षांनी. "हे बघ. उद्या मी परत विचारलं तर परत सांगशील?"

"सांगीन."

"असंच? ताकद कमी आहे असं नाही?"

"असंच सांगीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारले. तो कामावर निघाला होता, पिशवी खाली ठेवून बसला आणि चारही वाक्ये सांगितली. तिने ती पहिल्यांदाच ऐकावीत तशी ऐकली. तिचा चेहरा कालच्यासारखाच आधी ओढला गेला, मग शांत झाला. बुधवारी पुन्हा तसेच झाले. त्याला आता शब्द शोधावे लागत नव्हते, पण सोपेही जात नव्हते. तिच्यासाठी ती बातमी रोज नवी होती आणि ती द्यायला घरात दुसरे कोणी नव्हते.

गुरुवारी तिने विचारले नाही. चहा झाला, कपबशा विसळून झाल्या. ती खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणारी माणसे बघत होती. तो टेबलाशी वाट बघत बसला. तिला कालचे आठवत होते म्हणून तिने विचारले नाही, की विचारायचे असते हेच ती विसरली होती, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नव्हते, आणि ते विचारायचे कसे ते त्याला सुचत नव्हते.