मागे बसण्याचा मान

भिवा जाधव माणसाची ओळख वजनावरून ठेवायचा. अच्युत पहिल्यांदा लालबागच्या गॅरेजात गेला, तेव्हा भिवा जीपखाली आडवा होता. त्याला फक्त अच्युतचे पाय दिसत होते.

"एकशे दहा रत्तल," जीपखालून आवाज आला. "घरी जेवायला देत नाहीत काय?"

अच्युत गिरगावचा. नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालेला, संयुक्त महाराष्ट्र समितीची पत्रकं लिहिणारा, आता समितीच्या जीपच्या कामावर धाडलेला. वजन बरोबर होतं.

जीप युद्धातली. समितीच्या एका हितचिंतकानं रे रोडच्या भंगारवाल्याकडून ती उचलून दिली होती. दादरच्या एका सभेला ती चिखलात रुतली आणि पन्नास माणसांनी ढकलत बाहेर काढली. तेव्हा समितीच्या कचेरीचे चिटणीस शशिकांतराव यांनी निकाल दिला : येत्या रविवारी चौपाटीवर व्यासपीठाच्या फळ्या हिनं वाळूतून ओढून नेल्या तर ठेवू, नाहीतर सोमवारी परत भंगारात.

"ही भंगारात गेली तर माझी ब्रह्मदेशातली साडेतीन वर्षं भंगारात गेली," भिवा म्हणाला. एवढं बोलताना मात्र तो हसला नाही.

ती साडेतीन वर्षं त्यानं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये अशाच जीपा दुरुस्त केल्या होत्या. परत आल्यावर पहिल्या गॅरेजच्या मालकानं आडनाव विचारलं, मग जात विचारली आणि हातात झाडू दिला. भिवानं झाडलं. झाडता झाडता कोपऱ्यात महिनाभर पडलेली मालकाची मोटार चालू केली आणि चालवत नायगावच्या चाळीत घरी नेली. दुसऱ्या दिवशी मालक धापा टाकत दारात. भिवाच्या बायकोनं, सुंदराबाईनं, पाण्याचा तांब्या पुढे केला. मालकानं पाणी प्यायल्यावरच किल्ली मिळाली.

ही हकीकत सुंदराबाईनं त्याच चाळीत अच्युतला सांगितली. अच्युतनं लगेच पाणी मागितलं.

"तू पी नाहीतर नको पिऊ. तुझी मोटार नाहीये आमच्याकडे," भिवा म्हणाला.

जीपचं दुखणं त्यानं तासाभरात शोधलं. नावाला चारही चाकांनी ओढणारी ही गाडी मागच्या दोनच चाकांवर रडत होती. पुढच्या चाकांना जोर पोचवणारा लोखंडी शाफ्ट कुणीतरी काढूनच टाकला होता.

"असा कसा काढला?"

"चाकं बघ, बीए. पुढची लहान, मागची मोठी. सारख्याच अंतराला ह्यांचे फेरे वेगळे. एकमेकांशी भांडणार, आणि भांडण मिटवणार कोण? मधला गिअर. तो कुरकुरला, म्हणून शहाण्यानं शाफ्टच काढला."

दोन दिवस दोघं रे रोडच्या ढिगाऱ्यांत फिरले. शाफ्ट मिळाला. एकाच मापाचे, सारखेच झिजलेले चार टायर मिळाले. भिवा प्रत्येक टायरला दोरी गुंडाळून घेर मोजत होता.

"पोरांच्या पायात चपला नाहीत," सुंदराबाई म्हणाली, "आणि हिच्या पायांना जोड बघतायत."

रविवारी चौपाटीवर जीपमागे फळ्यांची हातगाडी बांधली. भिवा खाली वाकला आणि काडेपेटीतल्या काडीनं चारही टायरांची हवा सोडू लागला. टायर फतकल मारून बसले.

"अरे, हवा भरायची की काढायची?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"उंटाचा पाय बघितलास? पसरट असतो. उगाच नाही वाळूत चालत."

जीप निघाली. हातभर सरकली. मग चाकं जागीच फिरू लागली, मागची तर नुसती वाळू उडवत होती. हातगाडी हलेना. कडक इस्त्रीचं धोतर सावरत शशिकांतराव पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी नुसतं घड्याळ बघितलं.

भिवा उतरला. मागची बाजू हलकी पडत होती. त्यानं फुटपाथवर उभ्या असलेल्या पुढाऱ्यांवर सावकाश नजर फिरवली. ती नजर अच्युतच्या ओळखीची होती.

"मंडळी," भिवा मोठ्यानं म्हणाला, "फोटोवाला मागून येतोय. झेंडा मागे लावलाय. फोटोत मागे बसतील तेच दिसणार."

मग धोतरं, टोप्या, उपरणी, सगळी मागे चढली. शशिकांतराव पुढची सीट सोडून त्यांच्यात घुसले आणि ऐन झेंड्याखाली बसले. भिवा ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता : "एकशे साठ... एकशे नव्वद... दोनशे दहा..." अच्युतही चढायला गेला.

"बीए, तू राहू दे. तुझ्यानं काय होतंय?"

भिवा पुन्हा स्टिअरिंगवर बसला आणि चारही चाकांनी एकदम वाळू धरली. जीप गुरगुरली. हातगाडीला हिसका बसला आणि फळ्या खडखडत थेट समुद्राकडे निघाल्या. गर्दीनं "संयुक्त महाराष्ट्र" म्हणून आरोळी ठोकली. मागे बसलेल्यांनी हात उंचावले. अच्युत भिवाच्या बाजूनं धावत होता.

"फोटोवाला कुठाय?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"येतोय म्हटलं," भिवा म्हणाला. "आज येतोय असं कुठं म्हटलं?"

व्यासपीठापाशी सगळे उतरले. शशिकांतराव तिथंच उभे राहिले. वाळूत उमटलेल्या चाकोऱ्या त्यांनी बघितल्या. रिकामी पुढची सीट बघितली. मग भिवाकडे बघितलं. अच्युतला वाटलं, आता संपलं सगळं.

"जीप राहील," शशिकांतराव म्हणाले. "उद्यापासून तूच चालव." ते दोन पावलं गेले आणि परत आले.

"मी चढताना काय म्हणालास? दोनशे दहा?"

भिवानं मान खाली घातली.

"दोनशे चार," शशिकांतराव म्हणाले. "खिशात पत्रकं होती."